हजेरी

माणसाला गर्दी मोजण्याचा मोह फार जुना. आमच्या मराठवाड्यात एखाद्या घरचे लग्न कसे झाले हे विचारायचे असेल, तर सनई कशी वाजली किंवा व्याही कसे मिळाले हे कोणी विचारीत नाही. "किती पानं उठली?" हा पहिला प्रश्न. हजार पाने उठली तर लग्न थाटाचे, दोन हजार उठली तर त्याहून थाटाचे. आणि वरणात मीठ कमी होते असे सांगणाऱ्याकडे मग कोणी लक्ष देत नाही. कीर्तनाचेही तेच. बुवांचे निरूपण घरी पोचेपर्यंत निम्मे विसरलेले असते, पण "मांडव पुरला नाही" हे वाक्य पुढच्या सप्ताहापर्यंत टिकते. त्यातून मी ज्या गावची, तिथले लोक 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे छाती पुढे काढून सांगतात. ही गोष्ट जर्मनीला अजून कळलेली नाही, हा भाग वेगळा!

तेव्हा आकड्यांच्या वेडाला नावे ठेवायला मी बसलेले नाही. माझा तर धंदाच मोजण्याचा. वर्गात पाऊल टाकले की आधी हजेरी. फळ्याच्या कोपऱ्यात पट इतका, हजर इतके, हे लिहिल्यावाचून शिकवायला आरंभ करायचा नाही, असा आम्हां शिक्षकांचा शिरस्ता. संध्याकाळी लेखणी उचलून कादंबरीची चार पाने लिहावीत, तर तिथेही मोजदाद आहेच. प्रकाशक किती प्रती गेल्या ते कळवतात; त्यांतल्या किती वाचल्या गेल्या आणि किती आहेर म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात हिंडत आहेत, ते मात्र कोणी कळवीत नाही. त्यामुळेच की काय, कोणी मोठा आकडा उच्चारला की माझ्या मनात शाळेतली जुनी शंका उभी राहते: मुले हजर होती हे खरे, पण ती वर्गात होती का?

ही शंका मला सर्वांत अधिक छळू लागली ती २०२० साली.

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी राष्ट्राला उद्देशून बोलणार हे दिवसा सर्वांना कळले होते. साखरेच्या गाठी आणून ठेवलेल्या, कडुनिंबाचा डहाळा ओट्यावर पडलेला, आणि घरोघरी माणसे टीव्हीसमोर बसलेली. त्या रात्री बारा वाजल्यापासून एकवीस दिवस सारा देश बंद राहील, असे त्यांनी सांगितले. पाडव्याची गुढी उभारली खरी, पण तिच्याकडे पाहायला रस्त्यावर कोणी नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी एक बातमी आली, ती या भाषणाच्या प्रेक्षकांविषयी होती. हे भाषण १९ कोटी ७० लाख लोकांनी पाहिले. ते २०१ वाहिन्यांवरून दाखवले गेले. आदल्या वर्षी आय.पी.एल. क्रिकेटचा अंतिम सामना १३ कोटी ३० लाखांनी पाहिला होता, त्यालाही या भाषणाने मागे टाकले. प्रसारभारतीच्या प्रमुखांनी हे आकडे मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते. पुढे १४ एप्रिलला बंदीची मुदत वाढवणारे भाषण झाले, ते तर २० कोटी ३० लाखांनी पाहिले.

त्याच सुमारास, २९ मार्चला, सातासमुद्रांपलीकडेही असेच काहीसे घडत होते. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प साथीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पत्रकार परिषद घेत. एका वृत्तपत्राने लिहिले की, या परिषदा सरासरी ८५ लाख लोक पाहतात. म्हणजे सोमवारच्या रात्रीच्या फुटबॉलइतके, किंवा 'द बॅचलर' नावाच्या लोकप्रिय मालिकेच्या शेवटच्या भागाइतके. ही मालिका म्हणजे काय, तर एक देखणा तरुण पुष्कळ मुलींमधून एक वधू निवडतो. थोडक्यात कांदेपोह्यांचाच कार्यक्रम. फक्त पोहे मिळत नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी वृत्तपत्रातली ती वाक्ये उचलून स्वतःच जगाला सांगितली. त्या दिवसापर्यंत त्या देशात दोन हजारांवर माणसे साथीने दगावली होती.

दोन देश, दोन माणसे, दोन रीती. एकाने भाषण केले, दुसऱ्याने प्रश्नोत्तरे केली. पण दोन्हीकडे माणसे ज्या कारणासाठी त्या पेटीसमोर बसली ते कारण बाजूला राहिले, आणि किती बसली ते पुढे आले. मला राग आला असे मी म्हणणार नाही. मला कुतूहल वाटले: हे मोजतात तरी कसे?

आमच्या शाळेत मी रोज एकेका मुलाचे नाव घेऊन हजेरी मांडते. देशातल्या एकोणीस कोटी माणसांची नावे कोणी घेतली? तर ती कोणी घेत नाही. बार्क नावाची एक संस्था आहे. वाहिन्यांचे मालक, जाहिरातदार आणि जाहिराती बनवणाऱ्या कंपन्या यांनी मिळून ती काढली. तिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले. २०२० साली या संस्थेने देशभरातील सुमारे ४४ हजार घरांत एकेक लहानशी पेटी बसवलेली होती. पुढे घरांची संख्या वाढली. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते; ती खूण ही पेटी ओळखते आणि कोणती वाहिनी चालू आहे याची नोंद करते. समोर कोण बसले आहे हे कळावे म्हणून घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण नेमून दिलेले असते. बसताना दाबायचे, उठताना दाबायचे. कोणत्या घरात पेटी आहे हे गुपित ठेवतात. या साऱ्या नोंदींवरून गणित करून देशाचा आकडा काढतात.

मी हे वाचले तेव्हा शिक्षकी सवयीने पाटीवर त्रैराशिक मांडले. देशातल्या तीन घरांपैकी सुमारे दोन घरांत टीव्ही. अशी घरे वीस कोटींच्या आसपास. म्हणजे साडेचार हजार घरांमागे एक पेटी. परभणी शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीत तीन लाख सात हजार. पाच माणसांचे घर धरले तर घरे साठ हजार, त्यांत टीव्हीची चाळीस हजार; म्हणजे हिशेबाने आमच्या गावाच्या वाट्याला पेट्या आठ-नऊ. भारतात परभणी म्हणवणाऱ्या गावाला आठ-नऊ पेट्या! आमच्या गल्लीत हे सांगितले असते तर मोर्चाच निघाला असता.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही रीत नाही. आपण बायका रोज हेच करतो. पातेल्यातला भात शिजला का हे पाहायला कोणी सगळा भात चेपून बघत नाही. एक शीत बोटांत धरले की पुरते. शितावरून भाताची परीक्षा होते ती दोन अटींवर: शीत नीट निवडलेले हवे, आणि ते कोणी आधीच चिमटून मऊ केलेले नसावे. दुसऱ्या अटीची आठवण ऑक्टोबर २०२० मध्ये साऱ्यांना झाली. पेट्या असलेल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितले जाते, असा आरोप मुंबई पोलिसांनी केला. बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणे त्याच महिन्यात थांबवले, ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. २०२४ साली न्यायालयाच्या संमतीने तो खटला मागे घेण्यात आला.

आणि शीत निवडले कितीही नीट, तरी बटण दाबणारी माणसेच की! आमच्या घरी ती पेटी असती तर काय झाले असते, याचा मी पुष्कळदा विचार करते. आमच्या सासूबाई संध्याकाळच्या मालिकेसमोर बसतात आणि पाचव्या मिनिटाला त्यांची मान कलते. आवाज जरा कमी करावा, तर डोळे न उघडता म्हणतात, "बंद का केलंस गं? ऐकतेय मी." त्यांची हजेरी पूर्ण लागली असती. आमचे हे समोर बसतात ते वर्तमानपत्र उघडून. त्यांचीही लागली असती. आणि मी स्वयंपाकघरात चकल्या तळीत भिंतीपलीकडून एकूण एक शब्द ऐकते. पिठाच्या हातांनी बटण कोण दाबणार? माझी गैरहजेरी. परभणीच्या चाळीस हजार घरांत अशा कितीजणी चुलीपाशी उभ्या राहून देशाचा कारभार ऐकत असतील, ते बार्कलाही कळायचे नाही.

असे असले तरी १९ कोटी ७० लाख हा आकडा मी खोटा मानीत नाही. त्या रात्री बहुतेक सारा देश खरोखरच ऐकत होता. प्रश्न आहे तो, या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा हा.

आमच्या वर्गात वर्षातून एक दिवस शंभर टक्के हजेरी असते. निकालाचा दिवस. ज्याने जूनपासून शाळेचे तोंड पाहिले नाही तोही तेल लावून, भांग पाडून हजर. त्या दिवशीचा पट पाहून मी जर म्हणू लागले की, बघा माझे शिकवणे मुलांना किती आवडते, तर शिपाईसुद्धा हसेल. मुले आलेली असतात ती आपले काय होणार हे ऐकायला. हल्ली उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला की घागरी, बादल्या, पिंपे घेऊन माणसे अशी धावतात की एखाद्या पुढाऱ्याच्या सभेलाही धावणार नाहीत. टँकरवाल्याने त्या गर्दीचा फोटो काढून आपल्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून भिंतीवर लावला तर कसे दिसेल? गर्दी जमवली ती तहानेने.

आकडे नीट लावून पाहिले तर हेच दिसते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदीचे भाषण झाले ते ५ कोटी ७० लाखांनी पाहिले. त्या वेळी काय ऐकायला मिळणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुष्कळांना बातमी शेजाऱ्याने दार ठोठावून सांगितली. २०२० साली वक्ते तेच, वेळही रात्री आठचीच, आणि ऐकणारे तिपटीहून अधिक. बोलणाऱ्याचे वक्तृत्व चार वर्षांत तिपटीने वाढले असे कोणी म्हणणार नाही. वाढली होती ती भीती. त्याच वर्षी ३ एप्रिलला सकाळी नऊ वाजता, दिवे लावण्याविषयीचा संदेश आला. तो ११ कोटी ९० लाखांनी पाहिला. सकाळी नऊला घरात नळाचे पाणी, पोळ्या, आंघोळी. भीती तीच, पण वेळ मोडती. एकाच माणसाचे तीन आकडे. त्यांवरून त्या माणसाविषयी फारसे कळत नाही, आपल्याविषयी मात्र पुष्कळ कळते.

अमेरिकेतही वेगळे नाही. तिथे जॉन केनेडी यांनी २५ जानेवारी १९६१ ला राष्ट्राध्यक्षांची पत्रकार परिषद पहिल्यांदा थेट दूरचित्रवाणीवरून होऊ दिली. ती सुमारे साडेसहा कोटी लोकांनी पाहिली. नवलाई होती; तरुण, देखणा राष्ट्राध्यक्ष आडव्यातिडव्या प्रश्नांना कशी उत्तरे देतो हे लोकांना पाहायचे होते. २०२० सालच्या परिषदांत नवलाई नव्हती. घरात अडकलेल्या माणसांना, उद्या आपण जगणार का, एवढेच विचारायचे होते. २३ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी तिथे उभ्या उभ्या बोलून दाखवले की, जंतुनाशक टोचून शरीर आतून स्वच्छ करता येईल का ते पाहावे. डॉक्टरमंडळींनी कपाळावर हात मारला, आणि लवकरच त्या रोजच्या परिषदा काही काळ थांबल्या. त्या संध्याकाळी ज्यांनी कान टवकारून ऐकले, ज्यांनी हसून ऐकले आणि ज्यांनी घाबरून ऐकले, त्या साऱ्यांची नोंद एकच: पाहिले.

आमच्या भागातल्या सर्वांत महत्त्वाच्या भाषणाचा तर आकडाच नाही. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदुस्थानचे सैन्य संस्थानात शिरले, आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान हैदराबादच्या नभोवाणीवरून बोलले. लढाई थांबवल्याचे त्यांनी सांगितले. तोच दिवस आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. माझे आजेसासरे सांगत की, त्यांच्या खेड्यात तेव्हा एकही रेडिओ नव्हता. बातमी आली ती दुसऱ्या दिवशी, बाजाराहून परतलेल्या गाडीवानाबरोबर. त्याने ज्याच्याकडून ऐकली त्यानेही स्वतः ऐकलेली नव्हती. पण ऐकल्याबरोबर, महिनाभर कडी घातलेले वाड्यांचे दरवाजे उघडले आणि बायका नदीवर धुणी घेऊन गेल्या. मोजायचेच असते तर ते उघडे दरवाजे मोजावे लागले असते.

मला मात्र या सर्व आकड्यांतली खरी उणीव कळली ती शितावरून किंवा त्रैराशिकावरून नाही. ती मला आमच्या शाळेतच कळली.

परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतून, गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून, दर वर्षी दिवाळी झाली की हजारो माणसे ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडांवर कोप्या घालून राहतात. तिथे माणसे मोजण्याची रीत निराळी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत इतके कोयते अशी नोंद असते. उचलही कोयत्याच्या हिशेबाने मिळते. बाईचे स्वतंत्र नाव त्या वहीत येतेच असे नाही, आणि लेकरे तर कुठेच येत नाहीत. ती आमच्या हजेरीपत्रकात असतात, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गैरहजर म्हणून.

२४ मार्चच्या रात्री ही माणसे फडांवरच होती. कारखान्यांच्या आवारांत अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजुरांना गावी जाऊ देण्याचा आदेश राज्य सरकारने काढला तो १७ एप्रिलला. मग ट्रक भरभरून माणसे परतू लागली. गावात शिरण्यापूर्वी त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवायचे, म्हणून शाळा उघडल्या गेल्या. आणि आम्हां शिक्षकांची तिथे पाळी लागली. ज्या वर्गात मी मुलांची हजेरी घेत असे त्याच वर्गात दोन हात अंतर ठेवून, तोंडाला पदर बांधून, मी त्यांच्या आईबापांची हजेरी घेऊ लागले. नाव, वय, ताप, खोकला.

त्यांत माझ्या चौथीतल्या एका मुलाची आई होती. पाच महिन्यांनी लेकराला आजीकडे शिवेपलीकडून पाहत होती. जवळ जायची मुभा नव्हती. एके दुपारी व्हरांड्यात बसून तिने मला विचारले,

"बाई, त्या रात्री तुम्ही टीव्हीत पाह्यलं असंल ना?"

"हो, पाहिलं."

"आमी कोपीत व्हतो. मुकादम आला न् म्हनला, देश बंद झाला. मी म्हनलं, आवो कारखाना बंद व्हतो, शाळा बंद व्हती, देश कसा बंद व्हईल? तर म्हनला, टीव्हीत सांगितलंय." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ऊसतोडीवाल्यांनी कुठं ऱ्हायचं, काय खायचं, हे कुनी इचारलं नाही का त्यायला?"

"ते भाषण होतं गं. भाषणात मधे विचारता येत नाही."

"मंग नंतर?"

मला उत्तर सुचले नाही. हजेरीची वही मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले.

तिचा प्रश्न लहान होता. पण मी वाचलेल्या साऱ्या आकड्यांपेक्षा तो मला जड वाटला. टीव्हीची पेटी घरात असते, म्हणून तिची मोजणी घरातल्या माणसांचीच होते. घराबाहेर पडलेली, कोपीत, पुलाखाली, रस्त्याने चाललेली माणसे शिताच्या पातेल्यात पडलेलीच नसतात. त्या भाषणाचा भार मात्र सर्वांत अधिक त्यांच्याच डोक्यावर पडला. माझ्या घरी धान्य होते, पगार चालू होता. मी हजर म्हणून मोजली गेले असते. तिचे पाच महिने उघड्यावर पडले. ती मोजली गेली नाही. आमच्या परभणीहून जालन्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे औरंगाबादेकडे जातो. त्या मार्गावर करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या कारखान्यातून निघून पायी आपल्या मुलखाकडे, मध्य प्रदेशाकडे, चालले होते. थकून रुळांवर बसले आणि तिथेच झोपले. सणाच्या अंकात ही आठवण काढू नये, असे कोणी म्हणेल. पण ज्यांना कुठल्याच हजेरीत जागा मिळाली नाही त्यांना एक ओळ तरी सणाच्या दिवशी द्यावी, असे मला वाटते.

या दृष्टीने भाषणापेक्षा प्रश्नोत्तरे मला बरी वाटतात; मग ती कितीही गोंधळाची असोत. त्या दिवसांत आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्याचे राजेश टोपे राज्याचे आरोग्यमंत्री होते. ते पत्रकारांशी वरचेवर बोलत आणि पत्रकार त्यांना विचारीत: खाटा किती, तपासण्या किती, औषध कधी. उत्तरे नेहमीच समाधान देणारी असत असे नाही. पण कोणीतरी विचारते आहे, एवढ्याने आमच्या गल्लीतली माणसे निवांत होऊन जेवायला उठत. "आपल्याकडचाच माणूस हाय," असे म्हणत आणि वर, "पन त्यानं परभणीचं काही सांगितलंच न्हाई," अशी तक्रारही करीत. तक्रार करायला जागा असणे हीही एक सोय आहे. वर्गात चाळीस मुले तोंडावर बोट ठेवून बसली की हजेरी सुरेख दिसते. एक मूल उठून "बाई, कळलं नाही," म्हणते तेव्हा शिकवणे सुरू होते.

हे मला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुन्हा पटले. शाळा बंद होत्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी 'टिलीमिली' हा कार्यक्रम सुरू झाला. इयत्तेइयत्तेचे धडे टीव्हीवरून. आमच्याकडेही मग आकडे मागवले जाऊ लागले: किती मुलांकडे टीव्ही, किती मुलांनी पाहिले. मी फोन करून विचारी, पालक "पाहिलं की बाई" म्हणत, आणि मी रकाना भरी. घरात टीव्ही नाही त्यांच्यापुढे फुली.

अशीच एक फुली एका सालगड्याच्या मुलीपुढे होती. पाऊस उघडल्यावर एकदा मी त्यांच्या वस्तीकडे गेले, तर ती बाभळीखाली धाकट्या दोन भावंडांना उन्हात उभे करून त्यांच्या सावल्या काठीने जमिनीवर आखत होती. सकाळची सावली एवढी, दुपारची एवढी. "हे गं कुणी शिकवलं?" मी विचारले. ती लाजली. मालकांच्या घरी टीव्ही होता. साथीमुळे आत कोणाला घेत नसत, म्हणून ती खिडकीबाहेर उभी राहून पाहत असे. आवाज नीट येत नव्हता. म्हणून चित्रावरून जे समजले ते ती घरी येऊन करून बघत होती. मधेच थांबून तिने मला विचारले, "बाई, दुपारी सावली आखूड का होती? तितलं मला ऐकूच आलं न्हाई."

मी तिथेच मातीत बसले आणि तिच्या हातातली काठी घेतली.